असोसिएटिव्ह अ‍ॅरे म्हणजे ‘चावीवार यादी’

गोव्यातल्या फोंड्यात मराठीतून पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या एका सरांनी विचारले आहे: असोसिएटिव्ह अ‍ॅरेला, म्हणजे प्रत्येक नोंद नावाने शोधता येते अशा यादीला, मराठीत काय म्हणावे? ‘साहचर्य सारणी’ म्हटले की मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. शिवाय ज्या नावाने नोंद शोधायची त्या ‘की’ला (key) किल्ली म्हणावे की चावी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे. ‘की’ तशीच ठेवू नका. ‘की स्ट्रिंग आहे की इंटिजर?’ हे फळ्यावर लिहून पाहा (स्ट्रिंग म्हणजे मजकूर, इंटिजर म्हणजे पूर्णांक). किल्ली चालेल, पण गोव्यात तोंडी चावीच आहे. पोर्तुगीजांकडून आली असली तरी कधीच घरची झाली. चावीने जे सापडते त्या ‘व्हॅल्यू’ला ‘मूल्य’ मात्र नको, त्यात बाजारभावाचा वास येतो. ‘नोंद’ म्हणा.

आता मूळ शब्द. गोव्यातले तालुके आणि त्यांची मुख्य ठिकाणे यांची ही ओळ घ्या:

$ठिकाण = ['बार्देश' => 'म्हापसा', 'सासष्टी' => 'मडगाव', 'सत्तरी' => 'वाळपई'];

(पीएचपीत ती अशीच चालते, देवनागरी नावासकट. चौकोनी कंसांची सोय २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासूनची.) डावीकडे चावी, उजवीकडे नोंद. $ठिकाण['सत्तरी'] म्हटले की वाळपई हजर. सर्व्हे नंबर सांगून एक-चौदाचा (गोव्यातला सातबारा) उतारा काढतो तसेच; ती जमीन यादीत कितवी, हे कुणी विचारत नाही. साध्या अ‍ॅरेत मात्र तेवढेच विचारायचे असते, तेही शून्यापासून मोजून. म्हणून ती ‘क्रमवार यादी’ आणि ही ‘चावीवार यादी’. ‘तालुकावार’, ‘गाववार’ आपण म्हणतोच. ‘वार’ला शिकवावे लागत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. ‘चावीवार’ ऐकून यादी चाव्यांच्या क्रमाने लावलेली असेल असे वाटते. तशी ती नसते. नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने राहतात, आणि लावून हवी असेल तर ‘केसॉर्ट’ (ksort) हे फंक्शन वापरावे लागते. तरी ‘साहचर्या’पेक्षा हा गैरसमज परवडला.

आणि वर्गात हे जरूर दाखवा: गोव्याचा एसटीडी कोड ०८३२ इंग्रजी अंकांत, अवतरणचिन्हांत चावी म्हणून लिहिला तर तो स्ट्रिंगच राहतो. सुरुवातीचे शून्य गाळले, तर अवतरणचिन्हे असूनही पीएचपी गुपचूप त्याचा पूर्णांक करते. देवनागरी अंकांना मात्र ती हात लावत नाही.