जमिनीखाली सापडलेलं जुनं जहाज जतन करायला पैसे कोण देतं?

एकच दाता सहसा नसतो. वेल्समधल्या न्यूपोर्टचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये अस्क नदीकाठी नाट्यगृहासाठी खड्डा खणताना पंधराव्या शतकातलं जहाज लागलं. ते वाचवायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होताच. पण गावकरी हटून बसले, निदर्शनं केली, आणि शेवटी वेल्स सरकारने ३५ लाख पौंड दिले. म्हणजे पहिली 'वर्गणी' पैशांची नव्हती, आरडाओरड्याची होती! पुढे 'फ्रेंड्स ऑफ द न्यूपोर्ट शिप' या संस्थेने देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर काम लावून धरलं.

खरी गोम पुढेच आहे. जहाज बाहेर काढणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. शेकडो वर्षं चिखलात भिजलेलं लाकूड तसंच वाळू दिलं तर आक्रसतं, तडकतं. म्हणून सुमारे २,५०० तुकडे आधी पाण्याच्या टाक्यांत, मग पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनात, आणि मग गोठवून वाळवणं. यात वीस वर्षं गेली. इतकी वर्षं जागाभाडं, वीज, पगार चालूच. उद्घाटनाची फीत कापायला दाते मिळतात, टाकीतलं पाणी बदलायला कोणी येत नाही.

स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या 'वासा' या जुन्या युद्धनौकेवर तर १७ वर्षं हेच रसायन फवारलं. पण ते जहाज जवळजवळ अखंड असल्याने बघायला रीघ लागते आणि तिकिटांतून बराच खर्च निघतो. न्यूपोर्टकडे तसा देखावा नाही. मात्र जहाजाच्या कण्याच्या, म्हणजे तळाच्या मुख्य तुळईच्या, सांध्यात, बांधताना शुभशकुन म्हणून ठेवलेलं एक फ्रेंच चांदीचं नाणं सापडलं, १४४७ सालचं.