आंब्याच्या बेचक्यात वड रुजलाय आणि मुळं खाली उतरताहेत, आंबा वाचेल का? शेजारच्या माडावरही एक रोप आहे.

मुळं अजून बोटाएवढीच असतील तर आंबा वाचेल, पण ती येत्या पावसाआधी काढा. पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी बेचक्यातल्या कुजक्या पाल्यावर रुजतं आणि मुळं जमिनीला टेकेपर्यंत हळू वाढतं. टेकली की वाढीचा वेग एकदम बदलतो. मग मुळं एकमेकांना चिकटून खोडाभोवती जाळी होते, खोडाला जाड व्हायला जागा उरत नाही, वरून वडाची सावली आणि खालून पाण्याची ओढाताण.

प्रत्येक मूळ जमिनीपासून वीतभर आणि पुन्हा छातीच्या उंचीवर कापून मधला तुकडा काढून टाका. नुसती एक चीर दिली तर दमट हवेत कापलेल्या टोकांना नवी मुळं फुटून पुन्हा माती गाठतात. महिन्याभरात वरचा वड कोमेजला की बेचक्यातलं बूड उपटायचं. तिथे राहिलेला गड्डा पुन्हा फुटतो, आणि फसतं ते बहुधा इथेच. कोयता आंब्याच्या सालीला लागू देऊ नका. चिकाने कातडी चुरचुरते, हातमोजे घाला. तणनाशक नकोच, ते आंब्यालाही बाधू शकतं.

माडाचं खोड वयाबरोबर जाड होत नाही, त्यामुळे त्याला फासापेक्षा शेंड्यावरच्या सावलीची भीती जास्त. तिथे घाई नाही.

मात्र मुळं मांडीएवढी होऊन जाळी पुरी झाली असेल तर हात लावू नका: आतलं खोड पोकळ असलं तर त्या जाळीवरच सगळा डोलारा उभा असतो. असं झाड पाडायचं तर गोव्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते.