वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी शहरातल्या प्रतिष्ठानाकडे अनुदान मागताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की जनता वसाहतीत चार वर्षं अभ्यासिका चालवताय, साठेक मुलं येतात, संस्था नोंदलेली आहे, आणि पुण्यातल्या अनेक देणगीदारांच्या एकत्र निधीतून अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानाकडे पहिल्यांदाच अर्ज करायचाय. मी दांडेकर पुलाजवळच्या एका छोट्या संस्थेची अकरा वर्षं खजिनदार आहे. मधली दोन वर्षं अशाच एका निधीकडे आलेले अर्ज वाचायला बसत होते. म्हणून दोन्हीकडचं सांगते.

सगळ्यात आधी हे: ताईचं मानधन अर्जात उघड लिहा. वाचलेल्या अर्जांतले निम्मेअधिक वह्या, दप्तरं, सतरंज्या आणि खाऊ यांचे असायचे, कारण शिकवणाऱ्या बाईसाठी पैसे मागायला लोकांना संकोच वाटतो. मग अनुदान येतं, कपाटात वह्यांचे गठ्ठे लागतात आणि ताईचं मानधन तीन-तीन महिने थकतं. अहो, अभ्यासिका चालते ती रोज संध्याकाळी सहाला कुलूप उघडणाऱ्या माणसामुळे! दप्तरं द्यायला कंपन्या तयार असतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि वर्षअखेर दाखवता येईल अशी वस्तू त्यांना सोयीची पडते. भाडं, वीजबिल, मानधन यांना मात्र वाली नसतो. शहराचा निधी नेमका तिथे कामी येतो, म्हणून तेच मागा.

अनेकांच्या देणग्या एकत्र करून शहराचा निधी उभारायची ही कल्पना तशी जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरने शहरातल्या देणग्या आणि मृत्युपत्रांतून ठेवलेल्या रकमा एका निधीत आणल्या. मुद्दल राखायचं आणि उत्पन्नातून गावातल्या संस्थांना द्यायचं. आपल्याकडे मुद्दल साठवणं अवघड जातं, कारण धर्मादाय संस्थेला आयकरात सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्च व्हावे लागतात. देणगीदाराने कायम निधीसाठी म्हणून लेखी दिलेली रक्कम तेवढी वेगळी ठेवता येते. म्हणून इथली अनुदानं लहान असतात आणि एकेका वर्षाची असतात. तुम्हीही एका वर्षाचाच हिशेब मांडा. पाच वर्षांचं स्वप्न पत्रात दोन ओळींत येऊ दे.

कागदांत बहुतेक संस्था अडकतात ते फेरफार अर्जापाशी. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे तो द्यावा लागतो. आमच्या एक विश्वस्त वारल्या, आम्ही दु:खात आणि कामात राहिलो, आणि पुढच्या वर्षी अनुदान मंजूर होऊनही पैसे आले नाहीत, कारण परिशिष्ट एकवर, म्हणजे आयुक्तांकडच्या विश्वस्तांच्या नोंदीवर, त्यांचंच नाव होतं. चूक आमचीच होती. आजच तुमच्या परिशिष्ट एकचा उतारा काढून नावं ताडून बघा. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी, असेल तर तिची मुदतही बघा. ती २०२१ पासून पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून पैसे मागवायचा विचार असेल, तर तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांकडून एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या) नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर चालतं.

आता एक प्रसंग सांगते. अनुदानाआधी निधीकडून आमची पहिली पाहणी होती. मी ऑडिट रिपोर्ट, फोटोंचा अल्बम, सगळं मांडून ठेवलं होतं. आलेल्या बाईंनी त्यातलं काही न बघता खिडकीतलं हजेरीपुस्तक उचललं आणि सप्टेंबरचं पान काढलं. गणपतीच्या दहा दिवसांत बत्तीस मुलांवरून हजेरी सहावर आली होती, आणि समासात आमच्या ताईने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ढोल सराव. शनिवारी घरी जाऊन आले.’ बाईंनी ते पान दोनदा वाचलं. माझा जीव टांगणीला लागला होता. त्या म्हणाल्या, “हे खरं पुस्तक आहे.” अनुदान मिळालं. पुढे अर्ज वाचायला बसले तेव्हा मीही हेच शोधायचे. बाराही महिने शंभर टक्के हजेरी दिसली की माझा विश्वास उडायचा.

वस्तीतून काही जमा होतं का, हेही विचारतील. महिना दहा रुपये असले तरी पावती फाडा आणि स्थळप्रत जपा. देणगीदारांशी थेट बोलायची सवय नसेल तर पितृपंधरवड्यात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनाला जा. वीणा गोखले यांच्या आर्टिस्ट्रीने सुरू केलेला हा उपक्रम आहे. लहान संस्थांचे कार्यकर्ते स्टॉलवर उभं राहून आपलं काम कसं सांगतात ते तासभर नुसतं ऐका.

आणि अर्ज पाठवायच्या आधी प्रतिष्ठानात फोन करून कुणालातरी अभ्यासिकेत बोलवा. बक्षीस समारंभाला नको. साध्या मंगळवारी, सातच्या सुमाराला, पाढे चालू असताना येऊ दे.