गिम्पमधलं चकचकीत बटण: वरची कड आणि तळचा उजेड

तुम्ही लिहिलंय की गिम्पमध्ये, म्हणजे चित्रं बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, निळ्या पट्टीवर पांढरा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) ओढला, ओपॅसिटी (रंगाचा अपारदर्शकपणा) कमी-जास्त करून पाहिली, तरी अ‍ॅपचं बटण चकाकत नाही, त्यावर दूध सांडल्यासारखं वाटतं. चित्र नीट पाहिलं. तुमचा पांढरा रंग बटणाच्या मध्यापर्यंत येता येता हळूहळू विरून जातोय. असं झालं की डोळ्याला धुकं दिसतं. गुळगुळीत पृष्ठभागावरच्या प्रतिबिंबाला स्पष्ट कड असते आणि चकाकी भासते ती त्या कडेमुळे.

दुसरी गोष्ट तळाची. काचेची गोटी खिडकीसमोर धरून बघा. खिडकीच्या बाजूला छोटं पांढरं प्रतिबिंब दिसेल, पण गोटीचा रंग सगळ्यात जास्त उजळतो तो पलीकडच्या बाजूला, कारण आत शिरलेला प्रकाश तिथे एकवटतो. जानेवारी २००० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकचं 'अ‍ॅक्वा' रूप दाखवलं, त्यातली जेलीसारखी बटणं नेमकी अशीच होती: वर प्रतिबिंब, खाली उजेड. तुम्ही मात्र तळाला काळा ओतलाय.

आता करायचं कसं ते सांगतो. ४८० × १४० पिक्सेलचं बटण धरू, कॅनव्हास चारही बाजूंनी थोडा मोठा ठेवा, सावलीला जागा लागते. आयताकृती सिलेक्शनला (निवडलेल्या भागाला) 'राउंडेड कॉर्नर्स', म्हणजे गोल कोपरे, लावून ३० त्रिज्या द्या. नव्या पारदर्शक लेयरवर (चित्राच्या थरावर) वरून खाली ग्रेडियंट ओढा: वर गडद निळा (लाल १०, हिरवा ६०, निळा १४०), खाली उजळ (७०, १७०, २४०). गडद छटेसाठी काळा कधीच मिसळू नका. निळा जांभळ्याकडे सरकवा, पिवळं बटण असेल तर नारिंगीकडे. पिवळ्यात काळा घातला की तो शेवाळी होतो.

चकाकीसाठी वेगळा लेयर घ्या. खालच्या लेयरवर 'अल्फा टू सिलेक्शन' करा, म्हणजे बटणाचा आकारच निवडला जातो, मग 'श्रिंक'ने तो ४ पिक्सेल आत घ्या. आता लंबवर्तुळाकार सिलेक्शन टूल 'इंटरसेक्ट'वर (दोन्हींचा सामाईक भागच उरतो) ठेवून बटणापेक्षा बरंच रुंद लंबवर्तुळ असं काढा की त्याची खालची कड बटणाच्या मध्याच्या जरा वरून जाईल. या सिलेक्शनमध्ये पांढऱ्याकडून पारदर्शककडे जाणारा ग्रेडियंट ओढा, पण माउस कडेवर सोडू नका, बटणाच्या तळापर्यंत न्या. मग कडेपाशी पांढरा शून्यावर न येता बऱ्यापैकी उरतो आणि तिथे एकदम तुटतो. लेयरची ओपॅसिटी ६०-७० टक्के पुरे. गॉशियन ब्लर (कड धूसर करणारा फिल्टर) लावायचा मोह होईल, तो टाळा. लावायचाच तर एक पिक्सेलच्या आत.

बटणावर मराठी अक्षरं असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. चकाकीची कड सरळ आडवी ठेवली आणि ती शिरोरेषेजवळून गेली, तर दोन समांतर रेघा दिसतात आणि शब्द वाचायला त्रास होतो. म्हणून वरचं लंबवर्तुळ. त्याची कड वाकडी असते, रेघेशी भांडत नाही. रोमन अक्षरांसाठी सांगितलेली मापं इथे चालत नाहीत: वर वेलांटी-रफार, खाली उकार, त्यामुळे मोजून मध्यभागी ठेवलेला शब्दही वरखाली सरकल्यासारखा वाटतो. मोजमाप सोडा, शिरोरेषा आणि अक्षराचं पोट बघून डोळ्यांनी बसवा. टाइप भरदार घ्या. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट सेमीबोल्डमध्ये (मध्यम जाड) छान उठतो. चिन्हाचा आयकॉन असता तर मी चकाकी त्याच्यावरून नेली असती, पण वाचायचा मजकूर नेहमी चकाकीच्या वर ठेवावा.

२०१३ मध्ये आयओएस ७ (आयफोनची प्रणाली) आल्यावर आयफोनवरची ही चकाकी गेली. तरी लहान मुलांच्या खेळात आणि वयस्कर माणसांसाठीच्या अ‍ॅपमध्ये मी अजूनही अशीच बटणं करतो. कुठे दाबायचं ते विचारावं लागत नाही.

दाबलेल्या अवस्थेसाठी नवं चित्र काढू नका. त्याच फाइलमध्ये चकाकीची ओपॅसिटी निम्मी करा, तळचा लेयर थोडा गडद करा, सावली लपवा आणि मजकूर दोन पिक्सेल खाली घ्या. मूळ फाइल एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये, जपून ठेवा. पीएनजी काढताना मात्र दोन्ही चित्रांचा कॅनव्हास एकाच मापाचा हवा. सावली नाही म्हणून दुसरं कापून लहान केलंत, तर बोट टेकताच बटण जागचं उडी मारेल.