तो मुलगा आता का येत नाही?

मावशी, नमस्कार.

मी ३४ वर्षांचा, नाशिकला सिडकोत राहतो. बारा वर्षं बॉक्सिंग केलं. राज्य स्पर्धेत दोनदा सुवर्ण मिळवलं. राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत ३-२ असा हरलो, तो निकाल मला आजही मान्य नाही. त्याच वर्षी लग्न झालं, अंबडच्या कंपनीत पर्मनंट झालो आणि खेळ सुटला. गेली तीन वर्षं संध्याकाळी सातपूरला पोरांना शिकवतो, नववी ते बारावीची पंधरा-वीस येतात. बायको म्हणते, पतियाळाचा सहा आठवड्यांचा कोचिंगचा कोर्स कर आणि रीतसर क्लास काढ. मित्र म्हणतात, तू अजूनही राज्य मारशील. नियमाने चाळिशीपर्यंत खेळता येतं. मेरी कोमही मुलं झाल्यावर परत आली होती. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे कळल्यापासून मला झोप नाही. वजन ८२ वरून ७४ वर आणलंय, ७० वर न्यायचंय. पहाटे पांडवलेणीपर्यंत पळतो. इथे बरोबरीचं कोणी नाही म्हणून स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, पोरांबरोबरच करतो. मागच्या महिन्यात एकाचा ओठ फाटला, दोन टाके पडले, पण खेळात हे चालायचंच. तेव्हापासून तो येत नाही. माझे सर असते तर त्यांना विचारलं असतं, ते आता राहिले नाहीत. कोच व्हावं की रिंगमध्ये परतावं? स्पष्ट सांगा.

– एक बॉक्सर

*

स्पष्टच सांगते.

तुझं मूळ पत्र मोठं आहे, इथे जागेसाठी आटोपतं केलंय. त्यात वजनाचा हिशोब आहे, रोज काय खातोस ते आहे, त्या ३-२ च्या लढतीची फेरीनिहाय हकीकत आहे. पंचांपैकी कोण कुठल्या राज्याचा होता, तेही तुला अजून आठवतं. आणि ज्याचा ओठ तुझ्या हाताने फाटला त्या मुलाचं साधं वय नाही. त्याला दवाखान्यात कोणी नेलं, टाक्यांचे पैसे कोणी भरले, घरी गेल्यावर आई काय म्हणाली, यातलं काही नाही. ‘तेव्हापासून तो येत नाही’ असं लिहून तू लगेच पुढच्या गोष्टीवर गेलास.

तो का येत नाही? विचारलंस का त्याला?

तू नववी ते बारावी म्हणतोस, म्हणजे तो चौदा ते सतरा-अठराच्या मधला असणार. तू ३४ वर्षांचा, ७४ किलोचा, राज्य स्पर्धेत दोन सुवर्णं मिळवलेला माणूस. चाळिशीपर्यंत खेळता येतं हा नियम तुला पाठ आहे. त्याच नियमाचं दुसरं टोक तू का वाचलं नाहीस? मोठ्यांचा गट १९ ला सुरू होतो आणि ४० ला संपतो. १७ आणि १९ खालच्या मुलांचे गट वेगळे ठेवलेत, आणि प्रत्येक गटात पुन्हा वजनाप्रमाणे जोड्या लावतात. ज्या नियमाच्या जोरावर तू परत यायचं म्हणतोस, तोच नियम या मुलाला तुझ्यासमोर उभं राहू देत नाही. स्पर्धेत कुठल्याही पंचाने ही लढत लावली नसती. सातपूरच्या हॉलमध्ये पंच तूच आणि समोरचा बॉक्सरही तूच, म्हणून ती लागली.

मेरी कोमचं नाव घेतलंस ते बरं झालं. जुळी मुलं झाल्यावर ती परतली आणि २००८ मध्ये पुन्हा जागतिक विजेती झाली, खरं आहे. पण मला २०१९ चा डिसेंबर आठवतो. ऑलिंपिक पात्रता स्पर्धेआधी निखत झरीनने निवड चाचणीची जाहीर मागणी केली आणि मेरी कोमला दिल्लीत तिच्यासमोर उभं राहावं लागलं. निखत तेव्हा २३ वर्षांची होती, सहा वेळच्या जागतिक विजेतीला आव्हान देण्याची धमक असलेली. मेरी कोमने ती लढत ९-१ अशी जिंकली. पुढे २०२२ मध्ये तीच निखत इस्तंबूलला जागतिक विजेती झाली. परत येणाऱ्या माणसासमोर असं कोणीतरी लागतं. ठोसा खाऊन उलट ठोसा देणारं, आणि तुला ‘सर’ न म्हणणारं.

इथे बरोबरीचं कोणी नाही, असं तू लिहितोस. मग जिथे आहे तिथे का गेला नाहीस? पुण्यात सैन्याचे बॉक्सर आहेत, मुंबईत जुने क्लब आहेत, स्पर्धा खेळणारी विशी-पंचविशीची मुलं आहेत. नाशिक रोडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलं की चार तासांच्या आत मुंबई येते. साप्ताहिक सुट्टी तुला आहे. वजन उतरवलंस, पहाटे उठतोस, म्हणजे कष्टाला तू मागे हटणारा नाहीस. तरी तुझ्या पत्रात एकाही मोठ्या माणसाबरोबर केलेल्या स्पारिंगचा उल्लेख नाही. सगळा सराव मुलांवर.

यावरून मला एकच दिसतं. तुला स्पर्धेत परतायचं नाहीये. तुला ती ३-२ ची लढत पुसून टाकायची आहे आणि त्यासाठी असा हॉल हवाय जिथे निकाल देणारं कोणी नाही आणि हरवणारं तर नाहीच. ज्याला खरंच रिंग हवी असते तो आधी मार देऊ शकणारा जोडीदार शोधतो. तू तो टाळलास. तेव्हा परतायचं की नाही हा प्रश्न तुझ्या पायांनी केव्हाच सोडवलाय. राज्य स्पर्धेचा फॉर्म भरू नकोस. ७० किलोचा नाद सोड.

आता त्या टाक्यांबद्दल. ओठ फाटला म्हणजे दात ओठावर आदळले. त्या मुलाच्या तोंडात दातांवर बसवायचं गमशील्ड होतं का? तुझ्या हातात कुठले ग्लोव्हज होते, स्पारिंगचे १६ औंसांचे की स्पर्धेचे? याची उत्तरं मला नकोत, तुझी तुला दे. डॉक्टरांनी ओठ शिवला, पण ज्या ठोशाने ओठ फाटला त्याने डोकंही हललं असेल. हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं सुरक्षित, असं समजू नकोस. त्याने कापणं-खरचटणं कमी होतं, आत मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. कोवळ्या वयात मानेचे स्नायू कच्चे असतात, त्यामुळे तेवढ्याच ठोशाने डोकं जास्त झटकतं. आणि एक हादरा पुरता भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून तर डोक्यावरच्या माराने लढत थांबवली, तर बॉक्सरला किमान ३० दिवस रिंगमध्ये उतरू देत नाहीत आणि त्या काळात स्पारिंगही बंद ठेवतात. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणूनच ‘खेळात हे चालायचंच’ हे वाक्य वाचून मला तुझा राग आला. हे मार खाणाऱ्याने म्हणावं, मारणाऱ्याने म्हणू नये.

उद्या कामावरून सुटलास की त्या मुलाच्या घरी जा. कोर्सचा अर्ज, बायकोशी बोलणं, रजा, सगळं त्याच्यानंतर. फोन करू नकोस, दुसऱ्या मुलाकरवी निरोप पाठवू नकोस. ट्रॅकसूट घालून सरांच्या थाटात जाऊ नकोस. त्याच्या आईवडिलांसमोर सांग की ठोसा गरजेपेक्षा जोरात होता, चूक तुझी होती, त्याची नव्हती. हे त्याच्या कानावर पडायला हवं. त्या वयाची मुलं आपणच कच्चे निघालो असं समजून घरी बसतात, आणि सर म्हणतात खेळात चालायचंच, म्हणजे मग चूक आपलीच. महिनाभर तो बहुतेक हेच घोकत बसला असेल.

मग त्याला विचार: डोकं दुखतं का, मळमळतं का, उजेडाचा त्रास होतो का, झोप कशी आहे, अभ्यासात लक्ष लागतं का, उगाच चिडचिड होते का. आईला वेगळं विचार, कारण मुलं लपवतात. यातलं काहीही ‘हो’ असेल तर मेंदूच्या डॉक्टरांकडे तू घेऊन जा, खर्च तुझा. टाक्यांचे पैसे त्यांनी भरले असतील तर तेही दे. परत ये, असं मात्र म्हणू नकोस. वडील चार शब्द सुनावतील, दारातूनच परत पाठवतील. ऐकून घे.

तुझी बायको क्लास काढ म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यासमोर फी आहे. घर चालवायचं तर ती असणारच. पण म्हणून मी तिच्या बाजूने कौल देतेय असं तिला सांगू नकोस. फीसाठी काढलेल्या क्लासमध्ये तू आज जे करतोस तेच करशील, फक्त पावती फाडून.

पत्रभर एक सूर आहे की कोच होणं म्हणजे हरलेल्याने समजूत करून घेणं. हे नाशिकमध्ये राहून लिहितोस? सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, तेव्हा भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिला घडवणारे विजेंद्रसिंग कोण, हे गावभर ठाऊक झालं होतं. तुझ्या खेळाचं म्हणशील तर द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला त्या पहिल्याच यादीत बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज होते.

आणि सरांची आठवण काढलीस म्हणून विचारते. ते तुझ्यासमोर काय घालून उभे राहायचे? पॅड्सच ना? संध्याकाळच्या संध्याकाळ तुझे ठोसे तळहातांवर घेत राहिले असतील. ‘अजून, परत, डावा हात वर’ एवढंच ओरडत असतील, आणि मनगटं सुजली तरी तुला कळू दिलं नसेल. तीन वर्षं नोकरी करून, कोणी न सांगता तू पंधरा-वीस मुलांपुढे उभा आहेस, हे त्यांचंच तुझ्यात उतरलंय. ते मला या पत्रात कुठल्याही सुवर्णपदकापेक्षा जास्त मोलाचं वाटलं. तुझ्यावर एवढं चिडलेय तेही त्यामुळेच.

तेव्हा कोच हो. पण त्या घरी जाऊन आल्यावर. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या मुलांना बसवून सांग की सर यापुढे कोणाबरोबरही स्पारिंग करणार नाहीत. जोड्या वय आणि वजन बघून लावायच्या, डोक्याला ग्लोव्ह हलका लागला पाहिजे, आणि गमशील्डशिवाय कोणी दोरीच्या आत पाय ठेवायचा नाही. ज्यांना विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी पहिल्या महिन्याच्या फीतून तूच आण. पतियाळाचा अर्ज त्यानंतर भर, आणि रजा त्या सहा आठवड्यांसाठी माग.