हॉप्सशिवाय घरची बिअर: यारो, बॉग मर्टल आणि हेदर

प्रश्न असा आहे: "लीड्सला नवीन आलोय, घरी बिअर करायला शिकतोय. हॉप्सऐवजी आजूबाजूला उगवणारी रानटी झाडं वापरून बिअर होते का? कोणती घ्यायची, आणि हॉप्स जेवढे घालतो तेवढ्याच वजनाची घालायची का?"

होते, आणि चांगली होते. (हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती एका वेलीची कडू, सुगंधी फुलं.) मी ग्लासगोच्या बाहेर राहते, सहा-सात वर्षं झाली घरी बिअर करतेय आणि गेली चार वर्षं उन्हाळ्यातल्या बहुतेक बॅचेस हॉप्सशिवायच असतात. पण तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागापासून सुरू करते कारण सगळी गोम तिथेच आहे, हॉप्स काढले आणि तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी टाकलं असा हिशोब इथे चालत नाही.

हॉप्स तीन कामं करतात: कडवटपणा, वास आणि बिअर टिकवणं. हे तिसरं काम लोक विसरतात. हॉप्सच्या फुलात जी राळ असते त्यातली अल्फा आम्लं उकळताना बदलतात, कडू होतात, आणि हीच कडू द्रव्यं लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणजे दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचीच भावकी, जी बिअर आंबट करते. रानात कडू झाडं बरीच आहेत, सुगंधी तर विचारू नका, पण टिकवण्याच्या बाबतीत हॉप्सच्या जवळपास जाणारं मला तरी अजून एकही सापडलेलं नाही. माझी पहिली यारोची बॅच जुलैत केली होती, तिसऱ्या आठवड्यात चव इतकी सुंदर आली की म्हटलं या आता दिवाळीला उघडू, जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या बाटल्या. दिवाळीला मैत्रिणी आल्या, पहिली बाटली उघडली तर निम्मी फेसातच गेली आणि उरलेली ताकापेक्षा आंबट. सगळ्या बॅचची तीच गत. खूप वाईट वाटलं होतं, कारण ती तिसऱ्या आठवड्यातली चव माझ्या डोक्यात होती आणि ती कुणालाच देता आली नाही. तेव्हापासून नियम एकच, एका वेळी ४.५ लिटर, आणि बाटलीत भरल्यापासून सहा आठवड्यांत संपवायची.

आणि हे काही आजचं फॅड नाही बरं का. हॉप्स सगळीकडे पोचायच्या आधी नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीच्या पट्ट्यात ग्रूट नावाचं झाडपाल्याचं मिश्रण बिअरमध्ये घालायचे, त्यात मुख्य बॉग मर्टल, जोडीला यारो वगैरे. ते विकायचा हक्क राजाकडून बिशपला, सरदारांना, शहरांना मिळायचा, म्हणजे बिअर करणाऱ्याला ग्रूट त्यांच्याकडूनच घ्यावं लागायचं, थोडक्यात तो करच. बेल्जियममधल्या ब्रूजला गेलात तर ग्रूटहूझं नावाचा वाडा बघा, आता तिथे म्युझियम आहे, त्या घराण्याचं नावच या ग्रूटवरून पडलंय. मग हॉप्स आले. हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन ख्रिस्ती जोगिणीने १२व्या शतकातच लिहून ठेवलंय की हॉप्सच्या कडवटपणामुळे पेय नासत नाही, आणि पुढे ब्रेमेन-हॅम्बुर्गसारख्या बंदरांतून हॉप्सची बिअर लांब लांब जहाजाने जायला लागली कारण ती टिकायची. १५१६ मध्ये बव्हेरियात कायदाच झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच. इंग्लंडमध्ये तर १५व्या शतकात बिनहॉप्सची ती एल आणि हॉप्सची ती बिअर असा चक्क वेगळा शब्द होता. हे सगळं सांगायचं कारण, चवीत हरले म्हणून हे पाले मागे पडले असं नाही, त्यात व्यापार आणि कराचा भाग मोठा होता, आणि आपण घरी ४.५ लिटर करणार असू तर जहाजाने पाठवायचा प्रश्नच नाही.

आता कोणती झाडं. माझं सगळ्यात लाडकं यारो, शास्त्रीय नाव अकिलीया मिलेफोलियम. लीड्सला रस्त्याकडेच्या गवतात, मैदानांच्या कडेला भरपूर मिळेल, जून ते सप्टेंबर फुलतं. पानं शेपूपेक्षाही बारीक, पिसासारखी. स्वीडनमध्ये याला जमिनीवरचे हॉप्स अशा अर्थाचं नाव आहे, त्यावरूनच कळतं. चव कडू, जरा तुरट, मागाहून ऋषीपंचमीच्या भाजीसारखा एक हिरवा रानवट वास.

पण इथे थांबा आणि हा परिच्छेद दोनदा वाचा. यारोसारखी पांढरी चपटी फुलं असणारी दुसरी झाडं तिथेच शेजारी उगवतात आणि त्यातलं हेमलॉक म्हणजे सॉक्रेटिसला दिलेलं विष. हेमलॉक हे कोथिंबीर, शेपू, बडीशेप, गाजर यांच्या कुळातलं. गावाकडे फुलावर आलेली कोथिंबीर बघितली असेल तर आठवा, देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून सगळ्या काड्या निघतात, उघडलेल्या छत्रीसारख्या. यारोचं तसं नसतं. यारोच्या फुलाखालच्या काड्या वेगवेगळ्या उंचीवरून फुटतात आणि वर येऊन एका पातळीला मिळतात. झाड हातात घ्या, उलटं करा, फुलाच्या खालून बघा. छत्री दिसली की सोडून द्या, बाकी काही तपासत बसू नका. हेमलॉकचं खोड गुळगुळीत आणि त्यावर जांभळे डाग, यारोचं खोड बारीक लवीचं. मी पहिलं वर्षभर यारो फक्त बघितलं, पानं कधी येतात, कळी कशी दिसते, सुकल्यावर कसं दिसतं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तोडलं. तुम्हीही तसंच करा, किंवा जाणकाराबरोबर एकदा फिरा. फोनमधल्या अॅपच्या भरवशावर तर अजिबात पिऊ नका.

दुसरं बॉग मर्टल. दलदलीच्या जमिनीत, स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये पुष्कळ. आमच्या शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा दाखवलं, त्यांनी पान चुरडून हातावर चोळलं आणि म्हणाले हे मिजेसना पळवतं, मिजेस म्हणजे इथले ते डोळ्यांना धड दिसत नाहीत असे चावरे किडे. वास निलगिरी, तमालपत्र आणि किंचित मध असा काहीतरी. फार जोरकस असतं, ४.५ लिटरला सुकलेली २ ग्रॅम पानं मला पुरतात, ५ ग्रॅम घातली होती तेव्हा बाम प्यायल्यासारखं झालं.

तिसरं हेदर, ते जांभळं फूल. इथे स्कॉटलंडात हेदरच्या एलची फार जुनी परंपरा सांगतात आणि फ्राओख नावाची हेदर एल बाटलीत विकतही मिळते, आधी ती पिऊन बघा म्हणजे कुठे पोचायचंय ते कळेल. हेदर कडू नाही, त्याचं काम वास आणि हलका गोडसर, मधासारखा शेवट. फक्त फुललेले शेंडे घ्यायचे, खालचा लाकडासारखा भाग नको. तुमच्या जवळ इल्कलीचं मूर, म्हणजे तिथलं माळरान, ऑगस्टमध्ये जांभळं होतं पण ते संरक्षित आहे, तिथून तोडू नका. कुंडीत हेदर सहज वाढतं. नर्सरीतून आणलंत तर पहिल्या वर्षीची फुलं वापरू नका, फवारलेलं असतं.

आणि एक मगवर्ट. याची गंमत सांगते. आई कोल्हापूरहून आली होती, रेल्वे स्टेशनच्या मागच्या पडीक जागेत हे वाढलेलं, मी पान तोडून तिच्या हातात दिलं तर तिने चुरडलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या जोतिबाचा दवणा!" दवणा नाही, पण नातं खरंय, दोन्ही आर्टेमिसिया याच प्रजातीतले. चैत्रात जोतिबाला दवणा वाहिलेला ज्याने हुंगलाय त्याला मगवर्ट ओळखायला अवघड जाणार नाही, मगवर्टमध्ये गोडवा कमी आणि कडूपणा जास्त एवढंच. पानाची मागची बाजू पांढरट, लवदार असते. थोडंसंच घालायचं.

नेटल म्हणजे ते अंगाला लागलं की आग करणारं, त्याचीही बिअर करतात, सोपी असते, पण मला ती फार पाणचट लागते म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही.

करायचं कसं. झाड बिअरमध्ये टाकायच्या आधी त्याचा काढा करून चव घ्या, ही माझी सगळ्यात कामाची सवय. १ ग्रॅम पाला, एक कप उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकून, मग एक घोट. जी चव काढ्यात नकोशी वाटते ती बिअरमध्येही नकोशीच वाटते. मग ४.५ लिटर पाण्यात ५०० ग्रॅम सुकं फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पूड), हायड्रोमीटरवर, म्हणजे रसाची घनता मोजायच्या काचेच्या नळीवर, साधारण १.०४० येतं. हॉप्स नाहीत त्यामुळे तासभर उकळायची गरज नाही, २० ते ३० मिनिटं बास. ताजं यारो फुलापानांसकट १५ ग्रॅम, त्यातलं अर्धं सुरुवातीला कडवटपणासाठी, अर्धं गॅस बंद केल्यावर वासासाठी. बॉग मर्टल शेवटची पाच मिनिटं. हेदरचे शेंडे दोन मग भरून, गॅस बंद केल्यावर. मग भांडं गार पाण्याच्या सिंकमध्ये ठेवून २० अंशांपर्यंत आणायचं, गाळून मोठ्या काचेच्या बाटलीत, एल यीस्टचं (बिअर आंबवायच्या यीस्टचं) साधारण अर्धं पाकीट, वर एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर जाऊ देणारं पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं बूच.

स्वच्छता इथे नेहमीच्या दुप्पट. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावला की आज्जी कशी ओरडायची, तीच शिस्त. हॉप्सची बिअर थोडी चूक पोटात घालते, ही घालत नाही. उकळून गार झाल्यावर जे जे त्या रसाला लागणार, गाळणी, नळी, चमचा, झाकण, सगळं सॅनिटायझरमधून काढायचं. ताजा पाला आंबवताना वरून टाकू नका, त्यावरचे जिवाणू थेट आत जातात. वास वाढवायचा असेल तर वेगळा घट्ट काढा उकळून, गार करून घाला.

दहा ते चौदा दिवसांत आंबायचं थांबतं, पण दिवस मोजू नका, हायड्रोमीटर सलग तीन दिवस तोच आकडा दाखवायला हवा, माझ्याकडे बहुतेक १.०१० च्या आसपास थांबतं म्हणजे दारूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या जवळ. मग लिटरला ६ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या. घाई केली तर काचेची बाटली फुटते, आणि ती खरंच जखम करते. एक बाटली प्लास्टिकची भरा, ती दाबून कडक लागली की बाकीच्या फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये ठेवल्या की आंबट होण्याचा वेगही कमी होतो.

कुणी पिऊ नये तेही सांगते. गरोदर बाईने मद्य तसंही नाही घ्यायचं, पण यारो, मगवर्ट, बॉग मर्टल यांचे साधे काढेसुद्धा गरोदरपणात टाळतात. शेवंती-झेंडूच्या कुळाची अॅलर्जी असेल तर यारो आणि मगवर्ट दोन्ही नको, त्याच कुळातली आहेत. पाहुण्यांना द्यायच्या आधी विचारा आणि बाटलीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा.

कायद्याचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला लायसन्स लागत नाही, विकायची मात्र नाही. पानंफुलं तोडताना झाड मुळासकट उपटू नका, जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहे. आणि हे उत्तर पुण्या-मुंबईत बसून कुणी वाचत असेल तर महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, तिथे करू नका.

यारो सप्टेंबरपर्यंत मिळतं. या वर्षी ओळख करून घ्या आणि पहिली बॅच दुकानातून सुकलेलं यारो आणून करा, ५ ग्रॅम पुरेल. चव कशी आली ते इथे खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.