वळवात सापडलेली राणी मुंगी कोणती?

प्रश्न : वळीव पडून गेल्यावर रंकाळ्याच्या कट्ट्याजवळ दिव्याखाली पंख गळालेली काळी, मोठी मुंगी मिळाली. मुंगळ्याचीच राणी का? आणि तिला खायला काय घालू?

नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. आधी ती राणीच आहे ना, ते बघा. मोठ्या डोक्याचा कामकरी मुंगळाही फसवतो, पण त्याची छाती अरुंद असते. राणीची छाती फुगीर, बाजूला पंख तुटल्याच्या खुणा आणि कपाळावर तीन बारीक नेत्रिका, म्हणजे ठिपक्यांसारखे साधे डोळे, दिसतात.

मग भिंगातून कंबर बघा, तीही बाजूने. छाती आणि पोट यांच्यामध्ये दोन गाठी दिसल्या तर ती मुंगळ्याची नव्हेच. एकच गाठ, लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त आणि पोटाच्या टोकाला नांगीऐवजी केसांचं कडं असलेलं गोल छिद्र असेल, तर ती कॅम्पोनोटस, म्हणजे मुंगळ्यांच्या गटातली. आपल्या अंगणातला नेहमीचा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, पण या गटात दिसायला सारख्या अशा कितीतरी जाती आहेत. एका राणीवरून जात ठामपणे सांगणं मला पटत नाही. बाजूने, वरून आणि चेहऱ्यासमोरून असे तीन फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. पहिल्या कामकरी मुंग्या निघाल्या की उलगडा सोपा होतो.

खायला सध्या काहीच नको. मुंगळ्याची राणी उडण्याचे स्नायू जिरवून त्यावरच पहिली पिल्लं वाढवते. परीक्षानळीच्या तळाला पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडाला दुसरा बोळा आणि अंधार, एवढं पुरे. रोज उचलून बघितलंत तर ती अंडी खाऊनही टाकेल! महिना-दीड महिना धीर धरा.

प्रश्न : कळंब्यात ट्यूबलाइटखाली पंखांचा खच पडला होता. ते राणी मुंग्यांचेच का?

चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान असतात. शिवाय मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. दाराच्या चौकटी तपासून घ्या.

प्रश्न : गगनबावड्याला आंब्याच्या पानावर हिरवी राणी दिसली. मुंगी हिरवी असते?

असते. पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, म्हणजे इकोफिला स्मरॅग्डिनाची, ती राणी. कामकरी तांबूस आणि राणी हिरवट, म्हणून ओळख पटत नाही. तिला घरी आणू नका, झाडावरच राहू द्या. तिच्या मुंग्या अळ्यांच्या रेशमाने पानं जोडतात आणि त्यासाठी त्यांना जिवंत झाडच लागतं.